एकतीस वर्षांचा पाऊस आणि एक दिवस

...आणि वर मलाच विचारते, "अम्मा, तू पाऊस नक्की कधी मोजायचीस?" मला. तुम्हाला सांगते, कुंभकोणमच्या अर्ध्या बायकांनी, म्हणजे ज्या माझ्या हाताखालून शिकून गेल्या त्या अर्ध्यांनी, हा प्रश्न ऐकला असता तर त्या आजही आपापल्या स्वयंपाकघरात ताठ उभ्या राहिल्या असत्या, कारण सकाळचे साडेआठ वाजले हे आमच्या शाळेच्या शिपायाला घड्याळावरून कळत नसे, मी मैदानात पर्जन्यमापकाशी वाकलेली दिसले की कळत असे, आणि मग तो घंटेकडे निघत असे. रविवार धरून, दिवाळी धरून, वादळाचे लाल बावटे लागले ते दिवस धरून. एकतीस वर्षं, आणि नोंदवहीत एकही खाडाखोड नाही. आणि जिला मी बोट धरून चालायला शिकवलं ती मला विचारते, कधी मोजायचीस.

बसा, नीटच सांगते. मुद्दा सोडून बोलायची मला सवय नाही. मुद्दाच लांब आहे, त्याला मी काय करणार? आणि आता सगळं निभावलं आहे म्हणून मी इतकी शांतपणे सांगते आहे. मागच्या महिन्यात तुम्ही आला असतात तर मी तुम्हाला कॉफीसुद्धा विचारली नसती.

मी सरस्वती. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते, आता निवृत्त. आमचं घराणं तंजावरच्या दरबाराबरोबर इकडे आलं, पुढे दरबार गेला आणि आम्ही राहिलो, त्यामुळे घरात आम्ही बोलतो ते मराठी तुम्हाला पणजोबांच्या पत्रातलं वाटेल. म्हणून आज मी तुमच्या वळणाने बोलते आहे. यजमानांचं बोलणं मात्र जसंच्या तसं सांगेन. दुसऱ्याच्या बोलण्यात दुरुस्ती करणं मला... हो, आवडतं, पण आज नाही.

तर माझी लेक जननी. चेन्नईला एका संस्थेत संशोधन करते, वातावरणाचं. तिथे एक मॉडेल आहे. मॉडेल म्हणजे तुमच्या डोळ्यांपुढे येतं ते नव्हे, गणित आहे ते, फार मोठं. पृथ्वीवर रेघा मारून चौकटी पाडायच्या आणि प्रत्येक चौकटीत वारा किती, ऊन किती, पाऊस किती आणि केव्हा, हे संगणकाने मोजून सांगायचं. नुसतं उद्याचं नव्हे, मागच्या तीस-पस्तीस वर्षांचंसुद्धा, म्हणजे खरोखर पडलेल्या पावसाशी ताडून बघता येतं की या महाराजांना कितपत कळतं. आता या चौकटी किती मोठ्या असाव्यात? आमचं कुंभकोणम, पश्चिमेचं स्वामीमलै आणि पूर्वेचं तिरुनीलक्कुडी, तिघांना मिळून एक चौकट. एकच पाऊस. मी जननीला म्हटलं, "अगं, स्वामीमलैला धो धो पडत असताना इथे मी पापड वाळवले आहेत." ती म्हणाली, "अम्मा, सरासरी." सरासरी. वर्गात एकीला शंभर आणि एकीला शून्य मिळालं तर दोघी पन्नासवर पास, असलं हे शास्त्र. पण मी काही बोलले नाही. मी सहसा बोलत नाही.

तर ताडून बघायला खरा पाऊस हवा. सरकारी वेधशाळांचा असतोच, पण जननीला सुचलं की आपल्या अम्माची नोंदवही आहे, एकाच जागेची, एकाच पर्जन्यमापकाची, खंड नसलेली. दोन वर्षांपूर्वी आली आणि पान न् पान फोटो काढून घेऊन गेली. तिचे सर, चंद्रमौली, त्यांनी ती पाहिली आणि म्हणे खुर्चीतून उठून उभे राहिले. तुम्हाला खोटं वाटेल, पण मला त्यात नवल वाटलं नाही. एकतीस वर्षं, एकही खाडाखोड नाही. माणूस उभा राहणारच.

खंड नसलेली म्हणाले ना मी? एक दिवस आहे. एकच. आणि तो माझा नाही. त्याच्याकडे येते.

मग जननीने एक नोटबुक तयार केलं. ही नोटबुक कागदाची नसते बरं का, संगणकावर उघडते. एकाखाली एक खण. एका खणात लिहायचं की आता आपण काय करणार आहोत, पुढच्या खणात संगणकाला आज्ञा, आणि बटण दाबलं की त्याखालीच उत्तर, आकडा म्हणा, आलेख म्हणा. आणि खरी गंमत पुढे आहे: हे नोटबुक तुम्ही दुसऱ्याला द्यायचं. त्याने त्यात आपल्या गावचा पाऊस घालायचा, बटणं दाबायची, त्याला त्याच्या गावचं उत्तर. पुन्हा पहिल्यापासून डोकं फोडायला नको. मला हे इतकं आवडलं म्हणून सांगू... कारण मी दुसरं काय करत होते? माझी पाठांची टाचणं अशीच असत. मी आजारी पडले आणि संस्कृतच्या बाई माझ्या तासाला गेल्या तरी मान्सूनचे वारे त्याच दिशेने वाहिले पाहिजेत.

आता या नोटबुकांचा त्या लोकांनी एक सामायिक संग्रह केला आहे, पाच-सहा राज्यांतल्या संस्थांचा. जननीचं नोटबुक त्यात जाणार होतं, आणि गेलं तरच तिची नेमणूक पुढे चालू राहणार होती; तात्पुरती आहे हो, दोन वर्षांची, मुदत संपत आलेली. म्हणजे पोरीचं सगळं त्या एका नोटबुकात. चंद्रमौली सरांची अट अशी की आधी ते एखाद्या परक्या माणसाकडून वरून खालपर्यंत चालवून घ्या. त्यांचा आवाज असा, आंबोळी उलटायला दोन मिनिटं घ्यावीत तसं प्रत्येक वाक्य उलटतात: "जननी... असा माणूस बघा... ज्याला यातलं... काहीही कळत नाही."

जननीने फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

बसले. चष्मा पुसला, पहिला खण, दाबला, चालला. दुसरा, चालला. तिसरा दाबला आणि लाल अक्षरं. आयुष्यभर लाल शाई माझ्या हातात होती, पहिल्यांदाच समोरून आली. मी विचारलं, "हे काय?" तर म्हणते, "अगं अम्मा, आधी सातवा दाबायचा, मग तिसरा." सातव्यानंतर तिसरा. मी विचारलं, "हे कुठे लिहिलं आहे?" तर म्हणे, "लिहिलं नाहीय, मला माहीत आहे." बरं, सातवा दाबला, पुन्हा लाल, का, तर तो खण पाऊस शोधायला जननीच्या स्वतःच्या संगणकावरच्या कुठल्याशा कप्प्यात जातो, आणि आता आपण बसलो होतो अप्पांच्या, म्हणजे आमच्या यजमानांच्या संगणकावर, त्यावर तो कप्पा कुठून येणार? आणि या सगळ्यावर तिचं एकच उत्तर, "माझ्याकडे चालतं, अम्मा." माझ्याकडे चालतं. एकतीस वर्षांत हे वाक्य मी किती मुलींच्या तोंडून ऐकलं असेल, "बाई, घरी येत होतं."

मी तिला म्हटलं, तू स्वामीमलैचा साचा करून ठेवला आहेस. तिथले मूर्तिकार काय करतात, मेणाची मूर्ती, तिच्याभोवती मातीचा साचा, मेण वितळवून काढायचं, धातू ओतायचा, आणि मूर्ती बाहेर काढायला साचा फोडायचा. एका साच्यातून एकच मूर्ती. देवाला ते शोभतं. तुला तोच साचा पन्नास जणांच्या हाती द्यायचा आहे.

बसवली तिला. चार दिवस. क्रम लावून घेतला, कप्पे काढून टाकले, प्रत्येक खणाआधी लिहून घेतलं की यात काय आत जातं, काय बाहेर येतं, कोणत्या मापात, कोणत्या वेळेचं. ती लिहायची, मी तपासायची. चुकलं की पुन्हा. पाचव्या दिवशी पहिल्या खणापासून शेवटच्यापर्यंत एकदाही लाल नाही. आमच्या यजमानांनी चालवून पाहिलं, सुंदररावांनी. पोस्टमास्तर होते ते, बटण दाबताना अजून शिक्का मारल्यासारखा हात उचलतात. त्यांच्याकडेही चाललं.

आणि शेवटच्या खणाखाली उत्तर आलं: मॉडेलचा पाऊस एक दिवस उशिरा येतो.

ऐका नीट. कुंभकोणमला माझ्या नोंदीप्रमाणे चौदा तारखेला पाऊस, मॉडेल म्हणतं पंधरा. माझ्याकडे वीस, त्याच्याकडे एकवीस. थोडा कमी, थोडा जास्त, ते सोडा, ती सरासरी, पण तारीख? दर वेळी एक दिवस मागे. मला काही आश्चर्य वाटलं नाही. मी म्हटलं, एकतीस वर्षं रोज उशिरा येणारी विद्यार्थिनी असती तर मी तिला वर्गाच्या दाराशी उभी केली असती. चंद्रमौली सरही म्हणाले, "मॉडेल... उशिरा आहे... लिहा तसं." तिने लिहिलं. मी वाक्यरचना पाहिली. उत्तम होती.

दोन दिवस घरात सण. नोटबुक पाठवलं गेलं.

तिसऱ्या दिवशी पवित्राचा फोन. पवित्रा म्हणजे दुसऱ्या संस्थेतली, जननीच्याच वयाची, पण बोलते अशी की दोन वाक्यांच्या मध्ये श्वास घ्यायची पद्धत तिच्या घरी नसावी. "जननी मी तुझं नोटबुक चालवलं किती सुंदर आहे गं एकदाही अडलं नाही मी आमच्या किनाऱ्यावरच्या वेधशाळेचा पाऊस घातला पण आमच्याकडे मॉडेल वेळेवर आहे एक दिवसही उशीर नाही मग मी अजून तिघांना दिलं त्यांच्याकडेही वेळेवर आहे फक्त तुमच्या कुंभकोणमलाच उशिरा येतं असं का?"

असं का.

तुम्हाला सांगते, जननीचा चेहरा मी बघितला आणि मला तिची दहावी आठवली. कारण बघा ना, नोटबुक चांगलं केलं, पोरीने मन लावून असं केलं की कुणीही चालवावं, म्हणूनच तर चौघांनी चालवलं, आणि चालवलं म्हणूनच तर उघडं पडलं. वाईट केलं असतं तर कुणाला पत्ताच लागला नसता. हे कुठलं बक्षीस? चंद्रमौली सरांचा फोन आला. "सोमवारी... बैठक आहे. एक दिवस का... ते सांगा. नाहीतर... नोटबुक मागे घ्या." मागे घेतलं की नेमणूक गेली. आणि त्या दिवशी होता गुरुवार.

मग शोध सुरू. जननी म्हणाली घड्याळ असेल. मॉडेलचं घड्याळ विलायतेचं, आपल्या साडेपाच तास मागे. तपासलं, बरोबर होतं. चौकट चुकली असेल. तपासली, कुंभकोणम जिथे हवं तिथेच होतं. बेरीज चुकली असेल. ती मी स्वतः केली, कागदावर, हातचे धरून. बरोबर. पोरगी जेवेना. डबऱ्यातली, म्हणजे आमच्याकडच्या त्या पितळी वाटीतली कॉफी तशीच, वर साय धरलेली. मी तिच्या मागे उभी राहून म्हणत होते, "पुन्हा बघ, तुझ्याच कुठल्यातरी खणात असणार," आणि ती पुन्हा बघत होती, डोळे लाल, आणि मी... मी तिला पुन्हा बघायला लावत होते. हे मी विसरलेले नाही.

शुक्रवारी दुपारी सुंदरराव वर्तमानपत्र खाली न करता म्हणाले, "अगे, नोंदवही पाहिलीत कीं?"

कुणाची नोंदवही? माझी? मी त्यांना काय म्हटलं ते इथे सांगत नाही, व्याकरणदृष्ट्या ते शुद्ध होतं एवढंच सांगते. एकतीस वर्षं, एकही खाडाखोड नाही, आणि त्यात जी एकमेव भानगड आहे ती कुणाची? यांची. हं, तो आता सांगते, तो एक दिवस.

एकोणीसशे शहाण्णव. जननी होणार होती. तेरा ऑक्टोबरला सकाळी साडेआठला मी पाऊस मोजला, नोंद केली आणि शाळेतून सरळ इस्पितळात. तिथून पुढे बेचाळीस दिवस मोजायला गेले हे, सुंदरराव. पोस्ट उघडायच्या आधी शाळेत जाऊन मोजून येत. मी अंथरुणातून विचारायची, "मोजलात?" हे म्हणायचे, "मोजला गे." आणि पंचवीस नोव्हेंबरला मी परत गेले, नोंदवही उघडली, तर काय? तेरा ऑक्टोबरची ओळ कोरी. ऐन पावसाळ्यातला दिवस, आणि कोरा. आणि शेवटी चोवीस नोव्हेंबरच्या ओळीत, जिथे माझा आकडा यायचा, तिथे यांनी आधीच एक लिहून ठेवलेला. म्हणजे सुरुवातीला एक दिवस मोजायला विसरले, आणि शेवटी एक जास्त लिहून हिशेब पुरा केला. असा माझा निष्कर्ष. खोडायचं तर नाही. मी यांच्या आकड्याशेजारी माझा बारीक अक्षरात लिहिला आणि घरी येऊन जे बोलायचं ते बोलले. आणि त्यानंतर एकोणतीस वर्षं, तुम्हाला सांगते, गॅस बंद करायला विसरले, "तेरा ऑक्टोबर." छत्री बसमध्ये राहिली, "तेरा ऑक्टोबर." मी फक्त तारीख म्हणायची. त्यांनी एकदाही वाद घातला नाही. मला वाटायचं, कबूल आहे म्हणून.

शनिवारी गोविंदपुरमला भजन होतं, आधी ठरलेलं. गेलो. बसमध्ये मी पुढे बायकांच्या बाजूला, हे मागे, आणि आठ किलोमीटर मी मान वळवली नाही. विठ्ठलापुढे उभी राहिले आणि मागितलं काय, तर बाबा रे, त्या मॉडेलला एक दिवस लवकर कर. देवाला सांगायची ही गोष्ट आहे? पण मला दुसरं काय सुचणार, नोंदवही तर चुकणं शक्यच नाही.

घरी आलो तर जननी दारात. लहानपणी भोवरा फिरला की करायची तसा चेहरा. म्हणाली, "अम्मा, एक गंमत दाखवते." तिने सगळी वर्षं एका लांबच लांब आलेखात मांडली होती, मॉडेल किती उशिरा याची रेघ. सगळीकडे एक दिवस, एक दिवस, एक दिवस, सरळ रेघ, आणि मध्येच एके ठिकाणी रेघ खाली पडते. शून्य. काही दिवस मॉडेल अगदी वेळेवर. मग पुन्हा वर. मी विचारलं, "किती दिवस?" म्हणाली, "बेचाळीस. अम्मा, मी जन्मले तेव्हा मॉडेल वेळेवर होतं."

मी म्हटलं, "शुभ शकुन."

ती म्हणाली, "अम्मा, तेव्हा अक्षर अप्पांचं आहे."

आणि मग तो प्रश्न, ज्याने मी सुरुवात केली. अम्मा, तू पाऊस नक्की कधी मोजायचीस? सकाळी साडेआठला. आणि कुठल्या तारखेला लिहायचीस? कुठल्या म्हणजे? ज्या तारखेला पडला त्या. पंधरा तारखेला सकाळी साडेआठला पात्रात जे पाणी आहे ते कालचं आहे, चौदाचं. चौदाच्या दुपारी पडलं, संध्याकाळी पडलं, शाळा सुटताना मुली भिजल्या त्या चौदाला भिजल्या. मी पंधराला उठून मोजलं एवढ्यावरून पंधराने ते आपलं म्हणून मिरवायचं? एकीने निबंध लिहायचा आणि दुसरीने तपासला म्हणून दुसरीला गुण? मी चौदालाच लिहिलं. एकतीस वर्षं. न्यायाने.

जननी हळूच म्हणाली, "अम्मा, नियम असा आहे की ज्या सकाळी मोजलं त्या तारखेला लिहायचं. सगळे तसंच लिहितात. मॉडेलची बेरीज मी त्याच नियमाने केली." आणि मी तिला काय म्हणाले? म्हणाले, "असं तू नोटबुकात लिहिलंस कुठे?" तिने उघडून दाखवलं. दुसरा खण. 'नोंदवहीतील तारीख प्रचलित नियमानुसार.' माझ्या डोळ्यांखालून गेलेलं वाक्य. मी त्याला बरोबरची खूण केली होती. कुणाचा नियम, हे मी विचारलं नव्हतं, कारण आमच्या शाळेत नियम म्हणजे मीच.

मग आम्ही दोघी वळलो यांच्याकडे. वर्तमानपत्र तसंच वर. मी म्हटलं, "अहो, तुम्ही कुठल्या तारखेला लिहीत होतात?"

"मोजला त्या."

"का?"

"पर्जन्यमापकाच्या पेटीवर छापलें होतें. आणि टपालांत शिक्का आजचाच बसतो गे. पत्र कोणी केव्हां लिहिलें, त्याशीं शिक्क्याला काय?"

आता तुम्हीच हिशेब करा, मी तर उभ्या उभ्या केला. तेराच्या सकाळी मी मोजलं ते मी बाराला लिहिलं. चौदाच्या सकाळी यांनी मोजलं, चौदाला लिहिलं. तेराची ओळ कोरी राहणारच. शेवटी चोवीसला यांनी मोजलं, चोवीसला लिहिलं. पंचवीसला मी मोजलं, चोवीसला लिहायला गेले, तर जागा भरलेली. हे विसरले नव्हते. एकही सकाळ नाही. घरात ओली बाळंतीण, हातात पोस्टाच्या किल्ल्या, ऐन पावसाळा, गुडघाभर चिखल, बेचाळीस दिवस माणूस गेला आणि नियमाप्रमाणे लिहून आला, आणि मी त्याला एकोणतीस वर्षं छत्रीवरून तेरा ऑक्टोबर ऐकवला.

मी विचारलं, "एकदाही बोलला नाहीत?"

त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. "तूं शिक्षिका. मला वाटलें, तुझ्या शाळेंत पाऊस तसा पडत असेल."

मी आत गेले आणि कॉफी केली. तीन टंबलर. यजमानांच्या टंबलरात साखर एक चमचा जास्त, जी डॉक्टरांनी मना केली आहे. यापलीकडे आमच्या घरात क्षमा मागायची पद्धत नाही.

आणि तुम्हाला खरं सांगू? वाईट वाटायला हवं होतं. मी वाट पाहिली. पण ओट्याशी उभी असताना बाहेरून जननीचा आवाज येत होता, ती पवित्राला फोनवर सांगत होती, आणि हसत होती, तीन दिवसांनी पहिल्यांदा हसत होती, "नाही गं, नोटबुक बरोबर आहे, मॉडेलही बरोबर आहे, सगळं बरोबर आहे, फक्त अम्मा..." आणि माझ्या छातीवरचा धोंडा असा उतरला म्हणता, की फक्त अम्मा तर फक्त अम्मा. पोरीचं काम शाबूत आहे ना? मग चुकू दे की एखादी म्हातारी. दुसऱ्याची चूक शोधताना जीव इतका हलका कधी झाला नव्हता. कितीतरी वर्षं वाया घालवली म्हणायची.

सोमवारची बैठक. संगणकावरच, चौकटीत चेहरे. जननीने सांगायला सुरुवात केली, मी तिला थांबवलं. आपली चूक आपण उभं राहून सांगायची, हे मी हजार मुलींना सांगितलं आहे. उभी राहिले, तर पडद्यावर माझा फक्त पदर दिसायला लागला, म्हणून पुन्हा बसले. "चंद्रमौली सर, मी निरीक्षक बोलते आहे. पाऊस बरोबर मोजला आहे. तारीख एकतीस वर्षं एक दिवस मागे लिहिली आहे, बेचाळीस दिवस सोडून. ते माझ्या यजमानांचे. नोंदवही आणते, प्रत्येक तारीख दुरुस्त करून देते. अकरा हजारांवर आहेत. दोन महिने द्या."

सर म्हणाले, "बाई... मूळ नोंदीला... हात लावायचा नसतो." दुरुस्ती करायची ती नोटबुकात, एका वेगळ्या खणात, सगळ्यांना दिसेल अशी, म्हणजे काय होतं आणि आपण काय बदललं हे पुढच्या माणसाला कळतं. तुम्हाला सांगते, मला तो माणूस आवडला. सावकाश बोलतो, पण विचार चोख. म्हणजे बघा, एकतीस वर्षं, आणि अजूनही एकही खाडाखोड नाही.

नोटबुक संग्रहात गेलं. जननीची नेमणूक वाढली, तीन वर्षं. आणि पुढे ऐका, पवित्राचा फोन, तोच, बिनश्वासाचा: एका चहाच्या मळ्याची जुनी नोंदवही होती तिच्याकडे, तिथेही मॉडेल एक दिवस उशिरा दिसायचं, सगळे मॉडेलला नावं ठेवत होते, तिने जननीचा दुरुस्तीचा खण जसाच्या तसा उचलून घातला, उशीर गेला. मग एका मठाची नोंदवही निघाली. मग एका साखर कारखान्याची. आतापर्यंत नऊ. म्हणजे पावसाला न्याय देणारी मी एकटी नव्हते, ठिकठिकाणी आमच्यासारखी माणसं पहाटे उठून काळजीपूर्वक, सुवाच्य अक्षरात चुकत होती. आता तो खण लोक नोटबुकातून वेगळा काढून आपापल्या कामात वापरतात.

मी जननीला एवढंच म्हटलं, बाळे, त्या खणाला तू 'निरीक्षकाची चूक' असं नाव दिलं आहेस, नऊ ठिकाणी गेलं आहे ते, आणखीही जाईल, 'चूक' हा शब्द तेवढा बदल, बरा दिसत नाही. शहाणी आहे, लगेच ऐकलं. 'चूक' काढली आणि तिथे माझं नाव घातलं.

काय बोलणार? शुद्धलेखन बरोबर आहे. मी तपासलं.